नेढे कोणाच्या मालकीचे?

हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या बाजूला असते. शिवणयंत्राच्या सुईचे ते अणकुचीदार टोकाजवळ असते. फरक एवढाच. परंतु या एवढ्याशा फरकापायी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत वर्षानुवर्षे खटले चालले. कोणी धनाढ्य झाला, कोणी विस्मृतीत गेला. बाप्तिस्म्याच्या झबल्यापासून वेदीवरील वस्त्रापर्यंत आमचे सारे काही ज्या यंत्रावर शिवले गेले, त्याच्या जन्मकथेत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या बुद्धीला जे सुचते, त्याचा धनी कोण?

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या हरहुन्नरी कारागिराने १८३४ च्या सुमारास टोकाशी नेढे असलेल्या सुईने, दोन धाग्यांचा टाका घालणारे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. शिलाईवर पोट भरणाऱ्या गरीब स्त्रियांची रोजी या यंत्राने बुडेल, असे त्याच्या मुलीने सांगितल्यामुळे तो थांबला, असे म्हणतात. पुढे १८४६ साली मॅसॅच्युसेट्समधील एलायस हाऊ याने त्याच तत्त्वावरील यंत्राचे पेटंट मिळवले. हाऊही गरीबच. नशीब काढायला तो इंग्लंडला गेला आणि कफल्लक होऊन परतला. लवकरच त्याची पत्नीही निवर्तली. दरम्यान इतरांनी तशी यंत्रे विकायला काढली होती. त्यांत आयझॅक सिंगर अग्रभागी होता. हाऊने दावा लावला, तेव्हा सिंगरच्या बाजूने हंटला शोधून काढून पुढे उभे केले. हंटचे यंत्र आधीचे होते हे पेटंट कार्यालयाने मान्य केले. पण त्याने वेळीच हक्क मागितला नव्हता, म्हणून हक्क हाऊकडेच राहिला. अखेर १८५६ मध्ये हाऊ, सिंगर आणि आणखी दोन कंपन्या यांनी आपली पेटंटे एकत्र केली. त्यांच्या संघाबाहेरील कारखानदाराला दर यंत्रामागे १५ डॉलर मोजावे लागत; त्यांतील ५ हाऊचे. कालचा कंगाल संपन्न झाला.

येथे अन्याय कोणावर झाला? हाऊने उपासमार सोसली होती; त्याला श्रमाचे फळ मिळू नये, असे आम्ही म्हणणार नाही. खाजगी मालकीचा हक्क पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या विश्वपत्रात ठामपणे मांडला आहे. पण ज्या शिलाई करणाऱ्या स्त्रियांच्या कळवळ्याने हंट थांबला असे सांगतात, त्या कोणत्याच निवाड्यात पक्षकार नव्हत्या. हंटच्या त्यागाने त्यांची रोजी वाचली नाही. यंत्र आलेच, फक्त दुसऱ्याच्या नावाने आले. हे कटू असले तरी ध्यानात घेण्याजोगे आहे. नुसते हात झटकून बाजूला होणे म्हणजे दान नव्हे. आपण जे सोडून देतो, ते गरिबाच्याच हाती पडेल याची हमी कोण देणार?

मग मार्ग कोणता? संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपयोग यांत भेद केला होता. वस्तू सांभाळण्याचा व वाटण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो. उपयोगाच्या बाबतीत मात्र ती सर्वांची समजावी आणि गरजवंतासाठी हात मोकळा ठेवावा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली हाच विचार आपल्या युगाला लावला. जमिनीइतकीच महत्त्वाची अशी ज्ञानाची आणि तंत्राची मालकी आता निर्माण झाली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आणि त्याच विश्वपत्रात, देवाने पृथ्वी कोणालाही न वगळता अखिल मानवजातीला दिली आहे, याचे स्मरणही करून दिले.

असे वागता येते, याला दाखला आहे. इन्सुलिनचा शोध लावणारे बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलर घेऊन दिले. त्यांनी हक्क घेतला, तो दुसऱ्या कोणी तो बळकावून रुग्णांची अडवणूक करू नये म्हणून. हंटने सोडले, हाऊने राखले. यांनी विश्वस्ताप्रमाणे सांभाळले. आपल्याकडेही २०१२ साली भारताच्या पेटंट नियंत्रकांनी मुंबईत असाच तोल साधला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडणारे कर्करोगावरील एक औषध दुसऱ्या कंपनीला ८,८०० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना त्यांनी दिला. मूळ मालकाला विक्रीतील वाटा ठेवला. हक्क पुसला गेला नाही, त्याला मर्यादा घातली गेली.

खरे तर ही मर्यादा पेटंटच्या रचनेतच आहे. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘उघडे’ असे सांगते. शोधकाने आपले रहस्य जगापुढे उघडे करावे आणि त्याबदली ठरावीक वर्षे लाभ घ्यावा, असा हा करार असतो. हाऊचा हक्क मुदतवाढ धरून २१ वर्षे टिकला आणि १८६७ साली संपला. त्याच वर्षी तोही वारला. नेढे सर्वांचे झाले.

मालकी संपते, हे कायदाही जाणतो. मुदत संपेपर्यंत ती कशी वापरावी, हे मात्र तो धन्याच्या विवेकावर बव्हंशी सोडतो. सुईच्या नेढ्याविषयी प्रभूने श्रीमंतांना जो इशारा दिला, तो बुद्धीच्या श्रीमंतांनाही लागू आहे, असे आम्हांला वाटते.