घर राखणे म्हणजे काय?

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी माळवदाचे जुने घर राखणे हे दरवर्षीचे काम असते. पावसाळ्यापूर्वी छतावर पांढरी माती पसरायची, पाणी वाहून जाईल असा उतार धरायचा, भिंती लिंपून घ्यायच्या. एखादे वर्ष चुकले की तुळया भिजतात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि माती सुटू लागते. पक्के करण्याच्या हौसेनेच घर लवकर पडते. अशा घरांची खरी राखण त्यांत राहणारी माणसे करतात. राहणारे निघून गेले आणि घराचे स्मारक झाले, की नेमके काय राखायचे, हा प्रश्न उभा राहतो.

पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यापुढे हा प्रश्न आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. त्यासाठी वाड्याची एक वीटही बदलावी लागली नाही. बदलला तो शेजाऱ्यांशी असलेला संबंध. आपला देह मिठात पुरावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली होती. घरामागे खड्डाही खणला होता. परंतु १८९० साली परवानगी मिळाली नाही, दहन करावे लागले आणि अस्थी तेथे ठेवण्यात आल्या. आज तेथे वृंदावन आहे.

हा वाडा जवळच्या सावित्रीबाई फुले स्मारकाशी जोडून त्याचा विस्तार करण्याची योजना अलीकडे पुढे आली आहे. जयंती-पुण्यतिथीला लोटणारी गर्दी पाहता जागा अपुरी पडते, हे आम्हांस मान्य आहे. पण मधल्या जागेत घरे आहेत, घरांत माणसे आहेत, आणि त्यांत भाडेकरूही आहेत. एखाद्या राजवाड्याचे आवार वाढवताना हा पेच कदाचित एवढा बोचला नसता. ज्या घराची थोरवी शेजाऱ्याला पाणी देण्यात आहे, त्याच्यासाठी शेजाऱ्याचे छप्पर काढून घेणे योग्य ठरेल काय? आमच्या मते, त्यांच्या हाती त्याच परिसरात दुसरे घर आल्याखेरीज ठरणार नाही. केवळ मोबदल्याचा आकडा पुरेसा नाही. नवे घर किती अंतरावर आहे, मुलांची शाळा सुटते काय, घरमालकाबरोबर भाडेकरूचेही नाव यादीत आहे काय, हे पहिली भिंत पाडण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे.