घोटभर पाणी

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरच्या धरणात पूर्णा नदीचं पाणी दुसऱ्यांदा अडतं म्हणायचं. वर येलदरी धरणात वीज तयार करून सुटलेलं पाणी इथे पुन्हा अडवून कालव्यांना देतात. पाणी आहे म्हणून ते लगेच सुटत नाही, पुढची वाट तयार आहे का, हे आधी बघतात.

या कालव्यांखालच्या शिवारांना मण्यार हा विषारी साप ठाऊक आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. फारसं दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, मग श्वास अडखळतो. मग रुग्णाला औंढ्याहून हिंगोलीला, नाहीतर नांदेडला नेतात. व्हेंटिलेटर मिळाला, काही दिवसांनी घशातली श्वासाची नळी निघाली, की पहिला घोगरा शब्द येतो, ‘पाणी.’ सिस्टर म्हणतात, ‘आत्ता नाही.’ तहानलेल्याला पाणी नाकारणं आपल्याकडे पाप. त्यामुळे नातेवाइकाचा हात बाटलीकडे जातोच.

पण धरणासारखंच इथेही वाट तयार आहे का, हे आधी बघायचं असतं. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. गिळताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात. नळी याच तंतूंमधून गेलेली असते. ती दिवसेंदिवस राहिली की सूज येते, स्नायू सुस्तावतात, आतली जाणीव बोथट होते. मग पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. घरच्यांना वाटतं, ‘चांगले प्यायले,’ आणि छातीत न्यूमोनिया धरू शकतो. त्यात पाणी पातळ, गळ्याची तयारी होण्याआधीच खाली धावतं. मण्यारीच्या रुग्णात विषाने लुळे पडलेले स्नायू परत कामाला लागले का, हेही बघावं लागतं.

मग कधी द्यायचं? नळी छोट्या शस्त्रक्रियेपुरतीच असेल, नंतर नीट जाग आली, मळमळ नसली, तर बहुतेकदा थोड्याच वेळात घोट चालतो. नळी दोन दिवसांहून जास्त राहिली असेल, तर गिळण्याची तपासणी झाल्यावरच. पूर्वी अनेक ठिकाणी सरसकट चोवीस तास थांबवत. मला ते घड्याळाला रुग्णापेक्षा मोठं करणं वाटतं. मात्र सुरुवातीचे काही तास नळी पुन्हा घालावी लागण्याची धास्ती असते, तेव्हा पोट रिकामं असलेलं बरं.

तोवर तोंड स्वच्छ ठेवायचं, ओठ ओले करायचे. डॉक्टर हो म्हणाले तर बर्फाचा खडा.

तपासणीला रुग्णाला ताठ बसवतात. खोकून दाखवायला सांगतात. आधी चमचा, मग काही ठिकाणी 90 मिलिलिटर न थांबता. खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला की थांबायचं. पहिला चमचा जिभेवर पडतो तेव्हा नातेवाईक रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघतात, सिस्टर कंठमण्याकडे.