काटकसर कोणाच्या ताटातली?

'स्वस्त' हा शब्द आपल्या घरांतून मोठ्या मानाने उच्चारला जातो. मोजक्या मिळकतीत संसार करणाऱ्या माणसांना तो कर्तबगारीची खूण वाटतो. बाजारातून परतणाऱ्याला घरचे प्रथम विचारतात, "केवढ्याला पडले?" आणि त्याने सांगितलेला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याहून कमी निघाला, की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. बायबलमधील नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात अशा गिऱ्हाइकाचे मोठे मार्मिक चित्र आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि पाठ फिरली की आपल्या सौद्याची बढाई मारतो. हे वचन आम्ही अनेकदा वाचले होते आणि हसून पुढे गेलो होतो. त्यातला माणूस आम्हीच आहोत, हे उमगण्यासाठी मात्र आम्हाला फिलिपिन्समधील एका बेटापर्यंत जावे लागले.

आम्ही सहा मित्र वसईतल्या एकाच धर्मग्रामात वाढलेले आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. चार वर्षे दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकून आम्ही २०२३ च्या नोव्हेंबरात हा प्रवास घडवून आणला. फिलिपिन्सच का, असे अनेकांनी विचारले. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश आशियातील सर्वात मोठा कॅथलिक देश आहे. १५२१ साली मॅगेलनच्या सोबतीच्या धर्मगुरूने तेथील लिमासावा बेटावर पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सा अर्पण केली, असे मानले जाते. शिवाय आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाले, ते मनिला शहरातच. तेथूनच ते जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. तेव्हा आमच्या सहलीला यात्रेचीही थोडी किनार होती, असे म्हणावयास हरकत नाही.

सेबू शहरातून दोन तासांच्या फेरीबोटीने आम्ही बोहोल बेटावरील ताग्बिलारान बंदरात उतरलो आणि पूल ओलांडून शेजारच्या पांगलाओ बेटावर गेलो. पंख्याच्या दोन खोल्यांत तिघे तिघे राहिलो. जेवण 'कारिंदेरिया'त, म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळीत घेतले. तेथे पातेल्यांची झाकणे उचलून पाहायचे आणि हवे ते भातावर वाढून घ्यायचे. प्रवास जीपनीने किंवा तीनचाकीने केला. आम्ही मुद्दाम नोव्हेंबर निवडला होता, कारण गर्दीचा हंगाम डिसेंबरपासून सुरू होतो आणि त्यापूर्वी सारे भाव उतरलेले असतात. भाव का उतरलेले असतात, याचा विचार मात्र आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. हंगामाबाहेर होड्या किनाऱ्यावर बांधून पडतात, आणि ज्याची होडी चार दिवस बांधून पडली आहे त्याला पाचव्या दिवशी 'नाही' म्हणणे परवडत नाही. आमच्या स्वस्ताईचा उगम त्याच्या रिकाम्या दिवसांत होता.

शनिवारी आम्हाला बालिकासाग या छोट्या बेटावर जायचे होते. तेथील प्रवाळ आणि कासवे पाहण्यासाठी पहाटेच बांगका निघतात. बांगका म्हणजे अरुंद पोटाची होडी. तिच्या दोन्ही बाजूंना समतोलासाठी बांबूचे लांब दांडे बांधलेले असतात. होडीवाल्याने साडेतीन हजार पेसो सांगितले. आमच्यातला एक मित्र आयुष्यभर बँकेत होता. घासाघिशीत त्याचा हात कोणी धरणार नाही. "आमचे बजेट लहान आहे," हे वाक्य त्याने चार वेळा ऐकवले, होडी जुनी आहे म्हणाला, दोनदा पाठ फिरवून चालूही लागला. होडीवाला समुद्राकडे पाहत उभा होता. अखेर बावीसशेवर तो "ओके, सर" म्हणाला. तेराशे पेसो वाचले. त्या वेळच्या दराने साडेएकोणीसशे रुपये, म्हणजे प्रत्येकी सव्वातीनशे. त्या आनंदात आम्ही होडीत चढलो.

जाताना समुद्र शांत होता. येताना वारा उठला. होडीवाला सुकाणू धरी, धावत पुढे जाऊन दोर आवळी, पुन्हा मागे येई. इतर प्रत्येक बांगकेवर दोन किंवा तीन माणसे होती, आमच्या होडीवर तो एकटा होता. आमच्यातल्या मास्तरांनी विचारले, "तुमच्या मदतीला कोणी नाही का?" तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आज नाही, सर. आज बजेट नाही." त्यात टोमणा नव्हता. सकाळी आम्हीच वापरलेला शब्द त्याने परत केला, इतकेच. मग किनारा जवळ आल्यावर थोडे थोडे बोलला. नाताळपूर्व नऊ पहाटमिस्सांना तेथे 'सिंबांग गाबी' म्हणतात आणि त्या १६ डिसेंबरला सुरू होतात. २०२१ साली नेमक्या त्याच दिवशी 'ओडेट' हे चक्रीवादळ आले आणि त्याची पहिली होडी फुटली. ही होडी कर्जाची होती. भाड्यातून आधी इंधन, मग हप्ता, मग मदतनिसाची मजुरी आणि उरेल ते घरी, असा त्याचा हिशेब होता. आम्ही तेराशे पेसो कमी केले, तेव्हा इंधन कमी झाले नाही आणि हप्ताही कमी झाला नाही. कमी झाला तो मदतनीस.

दुसऱ्या दिवशी रविवार. पांगलाओच्या चर्चमध्ये आम्ही मिस्सेला गेलो. भाषा एक अक्षर कळत नव्हती, तरी कोठे उभे राहायचे आणि कोठे गुडघे टेकायचे हे कोणी सांगावे लागले नाही. मिस्सेनंतर अंगणात होडीवाला भेटला. पांढरा सदरा घालून, कुटुंबासह आला होता. आम्हाला पाहून मोकळेपणाने हसला. सोबत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. "हा माझ्या बहिणीचा मुलगा, होडीवर माझ्याबरोबर असतो," असे त्याने सांगितले. त्या मुलाने पुढे होऊन मास्तरांचा हात हाती घेतला आणि वाकून आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याची ही तेथील रीत. तिला 'मानो' म्हणतात. आपल्याकडेही संध्याकाळच्या रोझरीनंतर मुले आजीआजोबांपुढे आशीर्वादासाठी उभी राहत असत. मास्तरांनी आशीर्वाद दिला. पण परतताना त्यांच्या तोंडून शब्द निघेना. ज्याची शनिवारची मजुरी आमच्या सव्वातीनशे रुपयांत गडप झाली होती, तो हाच मुलगा होता.

त्या रात्री आमच्यात वाद झाला, आणि तो बराच तीव्र झाला. बँकेतला मित्र म्हणाला, "अरे, सौदा दोघांच्या राजीखुशीने झाला. आपण कोणाच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. आता पैसे देणे म्हणजे भीक घालणे. त्या माणसाचा अपमान होईल." दुसरा म्हणाला, "आपणही काही श्रीमंत नाही. चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन आलो आहोत. परदेशी माणूस दिसला की सगळेच भाव चढवतात. प्रत्येक वेळी मागतील तेवढे दिले, तर उद्या गरिबांना प्रवासच नको." या म्हणण्यात तथ्य नाही, असे कोण म्हणेल? जग पाहणे हा केवळ धनिकांचा हक्क नव्हे. किंबहुना साधा प्रवासी खाणावळीत जेवतो, गावातल्या खोलीत राहतो, म्हणून त्याचा पैसा गावातच राहतो.

मग चूक कोठे झाली? वाचकहो, या प्रश्नाचा विचार ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीची चर्चा केली. वाजवी मोलाहून अधिक घेणे जसे अन्याय्य, तसेच त्याहून कमी देणेही अन्याय्य, असे त्यांनी मांडले; कारण खरेदीविक्री दोघांच्या भल्यासाठी असते, एकाच्या ओझ्यासाठी नव्हे. अर्थात न्याय्य किंमत काही नेमक्या आकड्यात बसवता येत नाही, थोडे इकडेतिकडे चालायचेच, हेही त्यांनी मान्य केले. म्हणजे भाव करणे हेच मुळी पाप, असे नाही. पुढे १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात कामगाराच्या वेतनाविषयी लिहिताना राजीखुशीच्या युक्तिवादालाच हात घातला. गरजेपोटी किंवा याहून वाईट प्रसंग ओढवेल या भीतीपोटी माणूस हलाखीच्या अटी मान्य करतो, तेव्हा त्या संमतीने अन्याय धुऊन निघत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. होडीवाल्याचे 'ओके' आम्ही संमती समजलो. वस्तुतः ती रिकाम्या चार दिवसांची उसासा टाकलेली कबुली होती.

आणि तो मुलगा? त्याने तर 'ओके'सुद्धा म्हटले नव्हते. सौद्याच्या जागी तो हजरच नव्हता. आम्हाला वाटते, स्वस्ताईचा सर्वांत मोठा दोष हाच. तिची किंमत बहुधा असा माणूस भरतो, जो बोलणी चालू असताना तेथे नसतो.

हे एका होडीपुरते खरे नाही. त्याच देशातील बोराकाय बेटाची कथा पाहावी. जेमतेम दहा चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर २०१७ साली सुमारे वीस लाख पर्यटक गेले. खोल्या उठल्या, खाणावळी उठल्या, पण सांडपाण्याच्या व्यवस्थेचा खर्च पुष्कळांनी टाळला आणि मैला समुद्रात जाऊ लागला. अखेर २६ एप्रिल २०१८ पासून सरकारने ते बेट सहा महिने पर्यटकांना बंद केले. स्वच्छतेसाठी ते आवश्यक असेलही. परंतु त्या सहा महिन्यांत रोजी बुडाली ती वेटरांची, नावाड्यांची आणि किनाऱ्यावर छोटे धंदे करणाऱ्यांची. खोली स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने परतलेल्या पाहुण्याच्या पावतीवर गटाराचा खर्च कधी लिहिलाच नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात हेच बजावले होते: निसर्गाच्या वापराचा खर्च ज्याने केला त्यानेच तो उघडपणे सोसला पाहिजे, दुसऱ्या माणसांवर वा पुढच्या पिढ्यांवर ढकलता कामा नये.

त्या रात्री मास्तरांनी जे सांगितले, ते आम्हाला अखेर पटले. ते म्हणाले, "पंख्याच्या खोलीत राहिलो, ती काटकसर. खाणावळीत जेवलो, ती काटकसर. तिथे आपण आपले सुख कमी केले. होडीवर आपण आपले काहीच कमी केले नाही. तीच होडी, तेच बेट, तीच कासवे. कमी केले ते त्याचे. त्याला काटकसर म्हणू नका." काटकसर हा सद्गुण आहे, कारण तीत त्याग असतो. परंतु ती स्वतःच्या ताटात करायची असते. दुसऱ्याच्या ताटातला घास कमी करून आपण आपल्या संयमाचे कौतुक करून घेऊ लागलो, की सद्गुणाचे नाव तेवढे उरते. साडेतीन हजार आम्हाला परवडत नव्हते, तर आणखी दोन सोबती शोधून भाडे वाटून घ्यायचे होते, किंवा बालिकासागला न जाता किनाऱ्यावर बसायचे होते. हा मार्ग आम्हाला मोकळा होता. होडीवाल्याला असा कोणताच मार्ग नव्हता.

सोमवारी पहाटे निघण्यापूर्वी आम्ही किनाऱ्यावर गेलो. बँकेतला मित्रही आला, नव्हे, पैसे त्यानेच दिले. "शनिवारचे राहिले होते," एवढेच तो म्हणाला. होडीवाल्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या, मान हलवली आणि दोर सोडू लागला. त्याने आभाराचे शब्द उच्चारले नाहीत. खरे सांगायचे तर आम्ही थोडे खट्टू झालो. आम्हाला त्याच्याकडून काहीतरी हवे होते, बहुधा क्षमा. पुढे विमानात लक्षात आले, की त्याने केले तेच योग्य होते. दानासाठी माणूस आभार मानतो; येणे वसूल झाले, तर मोजून घेतो. आम्ही भीक घालत आहोत की काय, ही मित्राची शंका त्या मोजण्यानेच मिटवली होती.

आणि मग आमच्यापैकी एकाला त्याची आई आठवली. वसईहून पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन ती दादरला जात असे. संध्याकाळी परतीची गाडी गाठायची घाई असे, तेव्हा उरलेल्या जुड्या मिळेल त्या भावाला द्याव्या लागत. नेमके त्या वेळी येणारी काही ठरावीक गिऱ्हाइके होती. ती खूश होऊन जात. आई घरी आल्यावर पाटी उतरवून काही काळ नुसतीच बसून राहायची. आपल्या किती घरांत अशी आठवण असेल! पाटीच्या एका बाजूला आपली आई उभी होती. दोन पिढ्यांत आपण दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिलो, आणि तेथून तिची ओळखही पटेनाशी झाली.

आम्ही सहाही जण पुन्हा पैसे साठवीत आहोत. कोठे जायचे ते अजून ठरलेले नाही. पण मास्तरांनी नवी हिशेबाची वही घातली आहे. तीत राहणे, जेवण, तिकिटे यांच्या रकान्यांत जेवढे कमी करता येईल तेवढे करावयाचे, असे ठरले आहे. शेवटचा रकाना मात्र त्यांनी आखून, भरून ठेवला आहे: 'होडी : पूर्ण भाडे, दोन माणसांचे.'