हात सोडणाऱ्याचं काय?

जातककथांत महोसध पंडिताचा एक निवाडा आहे. एकाच मुलावर आई आणि यक्षिणी दोघीही हक्क सांगतात. महोसध जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला तिच्यावर ठेवतो आणि म्हणतो, जी ओढून नेईल तिचं मूल. मूल कळवळून रडायला लागतं, तशी एकीचे हात सुटतात. महोसध तिलाच आई ठरवतो.

आज घरातलं भांडण कोर्टात गेलं की नातेवाइकांचा पहिला सल्ला याच्या नेमका उलट असतो : ‘काहीही झालं तरी बाळ हातचं जाऊ देऊ नका.’ सल्ला देणारे दुष्ट नसतात, त्यांनी पाहिलेलं असतं. तारखा पडत जातात, तोवर बाळ ज्या घरात असेल तिथे रुळतं, आणि ‘आता रुळलंय, कशाला हलवायचं?’ हाच पुढे युक्तिवाद होतो. भलेपणाने चार दिवस बाळ पाठवलं तर ते परत येईल याची हमी कोणी देत नाही. म्हणून कोणीच हात सोडत नाही, आणि ओढाताण बाळाच्या अंगावर होते.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ सांगतो की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं, आणि सगळ्याच्या वर मुलाचं कल्याण. गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की आईकडे मूल देणं त्याच्या हिताचं नाही असं वडिलांचं म्हणणं असेल, तर ते त्यांनीच सिद्ध करावं. पण कोर्टाचं काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं आणि तान्ह्याचं पोट दोन-तीन तासांच्या. आठ महिन्यांच्या बाळाचा खटला सहा महिने लांबला, तर त्याचं जवळजवळ आणखी एक आयुष्य गेलं. आईच्या अंगावरचं दूध तर तेवढंही थांबत नाही.

लसीकरणाच्या कार्डाचंच पाहा. बाळ एका घरात आणि कार्ड दुसऱ्या घरातल्या कपाटात, कुलपात. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस टोचली की नाही, हे सांगायलाही कोणी फोन उचलत नाही. मला हा छळ वाटतो. रागात झाला म्हणून तो कमी होत नाही.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं महाराष्ट्रातलं एक प्रकरण मला पुन्हा पुन्हा आठवतं. आईला गरोदरपणातच कर्करोगाने गाठलं, वडीलही त्याच सुमारास गंभीर आजारी पडले. बाळाला मावशांनी सांभाळलं. आई गेली, वडील बरे झाले आणि त्यांनी लेक परत मागितली. यात यक्षिणी कोण? कोणीच नाही. रात्री-अपरात्री उठून ज्यांनी दूध पाजलं त्या मावशांची माया खरी आणि वडिलांचा जीव तुटणंही खरं. न्यायालयाने लेक वडिलांकडे दिली, पण मावशांशी तिची गाठभेट चालू राहील अशी सोय निकालातच केली. हरलेल्या बाजूचं प्रेमही बाळाच्या उपयोगाचं आहे, हे तिथे मान्य झालं.

अशी सोय निकालाच्या दिवसापर्यंत का थांबावी? पहिल्याच तारखेला बाळाच्या रोजच्या जगण्यापुरता आदेश व्हावा. कार्ड, औषधं, दुधाच्या वेळा लिहिलेली वही बाळासोबत फिरावी. ज्याच्याकडे बाळ नाही त्याला महिन्यातून एकदा दिवसभर भेट देण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा तासभर द्यावी, कारण तान्हं मूल महिन्याभरात चेहरा परका मानायला लागतं. आणि ज्याने आपणहून भेट घडवली, बाळ वेळेवर पोचवलं, त्याच्या बाजूने ही नोंद व्हावी. जो अडवेल, त्याच्या विरुद्ध व्हावी. ‘जाऊ देऊ नका’ म्हणणाऱ्या मामा-काकांना तेव्हा वकीलच सांगतील, ‘पाठवा बाळाला, त्यातच तुमचं भलं आहे.’