पान वर, मूळ चिखलात



भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाचा दृष्टांत आला आहे. पान पाण्यात राहते पण भिजत नाही, तसा कर्मयोगी कर्म करूनही पापाने लिंपत नाही. पाठशाळेत गुरुजींनी अन्वय लावून तो शिकविला आणि आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सांगितला. पण कमळ मात्र कधी नीट पाहिले नव्हते, हे आज कबूल करतो.

वारीच्या वाटेवर एका गावतळ्याकाठी मुक्काम होता. मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याने कीर्तन ऐकले आणि सकाळी कमळाचा देठ कापून आणून आमच्या हाती दिला. "बुवा, ह्यातनं फुंकर घाला की." दुसरे टोक पाण्यात धरून फुंकले, तो बुडबुडे निघाले! "तुमी पानाचं सांगितलंत, झ्याक सांगितलंत. पर मुळाचं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. पुढे जाणत्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे बारीक उंचवटे असतात. थेंब त्यांवर टेकत नाही, घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. इथवर आमचा दृष्टांत खरा. पण तळाच्या चिखलात सडणारा पालापाचोळा प्राणवायू खाऊन टाकतो. तिथे कमळाचे कंद गुदमरावयाचे! म्हणून पान वरची हवा घेते आणि देठातल्या नळ्यांतून खाली कंदाला पोचविते. पान कोरडे राहते ते चिखलाला विटून नव्हे. चिखलातल्या आपल्या माणसाला श्वास द्यावा म्हणून.

सज्जनहो, हे कळले त्या दिवशी आम्हांला घर आठवले. अलिप्ततेच्या नावाखाली आम्ही गावोगाव फिरलो. मुले आजारी पडली, मोठी झाली. सारा भार घरच्या माउलीने एकटीने वाहिला. आम्ही कोरडे राहिलो खरे, पण मुळाला वारा घातला नाही. ते वैराग्य नव्हे, नुसता कोरडेपणा!

त्याच तळ्यात कमळपक्षी पाहिला. बोटे इतकी लांब की सारा भार पानभर पसरतो आणि तो तरंगत्या पानावरून चालतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबविणे, पिले सांभाळणे हे काम बापाचे. मरळ मासा पाण्यात राहतो, पण वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून गढूळ डबक्यातही तगतो. पिलांवर पहाराही ठेवतो. बेडूक उन्हाळाभर ओलसर मातीत दडून राहतो आणि मृगाचा पाऊस पडताच बाहेर येतो. प्रत्येकाची युक्ती निराळी, पण पाणथळ सोडून कोणी पळत नाही.

आता जलपर्णी पाहा. तिच्याही देठात हवा भरलेली, तीही वरच तरंगते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आपल्या सांडपाण्यावर पोसते आणि सारे पाणी झाकून टाकते. खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. तरंगणे दोघींचे सारखेच. एक खालच्यांना जगविते, दुसरी गुदमरविते. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी धरणात येते आणि तीच भीमा पुढे पंढरीस चंद्रभागा होते. तेव्हा वाटेवरच्या ओढ्यात, तळ्यात पत्रावळी, प्लॅस्टिक, निर्माल्य टाकणारा वारकरी चंद्रभागेतच घाण टाकतो, हे ध्यानी धरावे.

यंदा आम्ही दृष्टांत बदलला आहे. अलिप्त व्हा म्हणतो, पण लगेच विचारतो, "घरी मुळाला श्वास पोचतो ना?" आणि स्वतःचे म्हणाल, तर महिन्यातले दहा दिवस घरीच राहतो. पहिल्या दिवशी माउली हसून म्हणाली, "वाट चुकलात का?"

चुकलो होतो खरे, आता सापडली.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल!