हुकमाचे ताबेदार

१९५६ साली नाझी छळछावण्यांवरचा आलँ रेने यांचा माहितीपट फ्रान्समध्ये सेन्सॉरपुढे गेला, तेव्हा एका छायाचित्रातली टोपी अडचणीची ठरली. फ्रान्समधल्याच पितिव्हिएच्या छावणीवर पहारा देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फ्रेंच शिपायाची केपी होती. ती झाकल्यावरच चित्रपटाला परवानगी मिळाली.

ज्यूंना पकडले ते जर्मनांनी, अशी तेव्हा अधिकृत समजूत होती. ऑगस्ट १९४४ मध्ये द गॉल यांच्या सरकारने युद्धकाळात जर्मनांशी सहकार्य करणारी फ्रान्समधली व्हिशी राजवट कायद्याने रद्दबातल ठरवली होती. जे सरकार फ्रान्सचे नव्हतेच, त्याच्या पापाचा जाब फ्रान्सला कोण विचारणार? व्हिशीचे पोलीसप्रमुख रने बुस्के १९४९ साली नाममात्र शिक्षेवर सुटले आणि पुढे बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेले.

प्रत्यक्षात काय घडले होते? १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस आणि उपनगरांत सुमारे १३ हजार ज्यू पकडले गेले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. दारे ठोठावणारे हात फ्रेंच पोलिसांचे होते. नावे-पत्ते पोलीस मुख्यालयाने १९४० पासून जमवलेल्या कार्डांवरून काढले होते. शिपायांना लेखी सूचना होत्या : ओळख पटली की वाद घालत बसू नका, वायफळ बोलू नका, काम झटपट उरका. निघताना गॅस, वीज, पाणी बंद करा. पाळीव जनावरे इमारतीच्या राखणदाराकडे सोपवा. मांजराची सोय कागदावर होती. मुलांना सायकल-शर्यतींच्या स्टेडियममध्ये कोंबले गेले. पुढे छावण्यांत त्यांना आयांपासून तोडले आणि मग आउशवित्झला धाडले.

१९७२ साली अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी मुख्यतः जर्मन कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की व्हिशीने सहकार्याचा हात आपणहून पुढे केला होता. ऑक्टोबर १९४० चा ज्यूविरोधी कायदाही तिने जर्मनांच्या हुकमावाचून केला. राष्ट्राध्यक्षांनी हे मान्य करायला आणखी तेवीस वर्षे लागली. १६ जुलै १९९५ रोजी जाक शिराक यांनी जाहीरपणे सांगितले, की कब्जेदारांच्या या वेडाचाराला फ्रेंच माणसांनी, फ्रेंच राज्याने साथ दिली. १९९८ साली बोर्दोमधल्या ज्यूंच्या रवानगीत सामील असल्याबद्दल मॉरिस पापाँ या माजी अधिकाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

जर्मनांकडून व्हिशीकडे, व्हिशीकडून फ्रेंच राज्याकडे आणि राज्याकडून टेबलामागच्या एका माणसाकडे असा हा दोषाचा प्रवास आहे. शिराक यांच्या कबुलीचे मोल मोठे आहे. मात्र राज्य दोषी ठरले की त्याच्या आडोशाला गणवेशातला माणूस सहज दडतो. ‘आम्ही हुकमाचे ताबेदार’ म्हटले, की त्याची सुटका.

ही सुटका फ्रान्समधल्याच नान्सी शहराने खोटी ठरवली आहे. १९४२ च्या त्याच जुलैत तिथल्या पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाचे प्रमुख एदुआर व्हिन्येराँ आणि सहकारी पिएर मारी यांनी धरपकडीआधीच ज्यूंना सावध केले. यादीतले बहुतेक जण निसटले. पॅरिसमध्येही कार्डे सुमारे २७ हजार होती. निम्म्याहून अधिक माणसे हाती लागली नाहीत. काही शिपायांनी आधीच कुजबुज पोचवली होती, हे त्याचे एक कारण. गणवेश तोच आणि सरकारही तेच. म्हणजे निवडीला जागा होती. ती अरुंद होती, धोक्याची होती; पण होती.

हुकूम पाळणे हाही निर्णयच असतो आणि तो घेणाऱ्याच्या नावावरच मांडला पाहिजे. ज्या पोलीस प्रशिक्षणात कायद्याची कलमे शिकवतात, तिथे नान्सीच्या या दोघांची गोष्टही शिकवली जावी. ‘नाही’ कधी म्हणायचे, हे शिपायाला दारावर थाप मारण्याआधी ठाऊक हवे.