बारा मार्कांचं नागरिकशास्त्र

शाळेत पोरांना सरकार शिकवतात का, असं कुणी विचारलं तर ‘शिकवतात’ असंच म्हणावं लागेल. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आहे. सातवीत संविधान आहे, मूलभूत हक्क आहेत. आठवीत संसद आणि न्यायालयं. दहावीत निवडणूक, पक्ष, चळवळी. नातवंडांची ही पुस्तकं मी दुपारी बाजेवर पडल्या पडल्या वाचून काढली. पुस्तकं चांगली आहेत. सोपी भाषा, चित्रं, चौकटी. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

पण दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर मिळून चाळीस मार्कांचा. त्यात राज्यशास्त्राला बारा. गणित-इंग्रजीच्या शिकवणीला पोरं मोटारसायकलवर तालुक्याला जातात. ह्या बारा मार्कांसाठी कुणी गावाची वेससुद्धा ओलांडत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडायचं, पाच-सहा उत्तरं डोक्यात कोंबायची, सकाळी ती कागदावर ओतायची आणि मोकळं व्हायचं. शेतकऱ्याच्या घरात दहावीनंतर शाळा सुटणारी पोरं अजून पुष्कळ आहेत. म्हणजे सरकारबद्दलचं त्यांचं शिक्षण पंधरा-सोळाव्या वर्षी संपतं आणि मत द्यायचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. 1989 साली मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं, ते चांगलंच केलं. पण मधली दोन-तीन वर्षं त्या पोराला सरकार कोण शिकवतं? पारावरची मंडळी आणि मोबाईल.

मीही दहावीपर्यंतच शिकलो. त्यावेळी ‘पंचायत राज्य त्रिस्तरीय आहे’ हे वाक्य आम्ही ताशी पाठ केलं होतं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, ह्या दोन तारखा झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगायचो. अजून सांगतो. पण शाळा सुटल्यावर ह्या तारखा मला कुणीच विचारल्या नाहीत. विचारलं ते भलतंच. वडील वारले आणि वारस लावायची वेळ आली, तेव्हा कागद कुठला, द्यायचा कुणाला, किती दिवस थांबायचं, हे पुस्तकात कुठंच नव्हतं. तोंडी सांगून यायचं, ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ ऐकायचं, परत यायचं. एका कामाला जवळपास दोन वर्षं हेलपाटे झाले. खुरपणी, पेरणी, काढणी, सगळ्यातून दिवस मोडून जायचं.

शेवटी कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्ज लिहिणाऱ्यानं मला बसवून घेतलं. म्हणाला, “पाटील, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी द्या. दोन प्रती करा. एकीवर शिक्का-सही घ्या. त्याला पोच म्हणतात. पोच हातात असली की तुमचा अर्ज हरवत नाही.” मग त्यानंच सांगितलं की तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि फेरफार मंजूर करतो तो मंडळ अधिकारी, तलाठी नव्हे. अर्धा तास बोलला असेल. लिहिणावळीचे पैसे घेतले, शिकवणीचे घेतले नाहीत. माझं काम दोन महिन्यांत झालं.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. राष्ट्रपतीची निवड कशी होते हे मला शाळेनं शिकवलं. राष्ट्रपतीशी माझी गाठ ह्या जन्मात पडली नाही. तलाठ्याशी वर्षातून चारदा पडते. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा माणूस आणि तलाठी महसूल खात्याचा, हा साधा फरकसुद्धा आमच्याकडं निम्म्या गावाला ठाऊक नाही. माणसं घरपट्टीची तक्रार घेऊन तलाठ्याकडं जातात आणि सातबारा मागायला ग्रामपंचायतीत. अलीकडं ह्या दोघांची नावं बदलली. एक ग्रामपंचायत अधिकारी झाला, दुसरा ग्राम महसूल अधिकारी. गोंधळ आहे तिथंच आहे.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं की खेड्यातल्या शाळेत मोडी-बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, आणि शेतीचं, आरोग्याचं जुजबी ज्ञान शिकवावं. त्यांना ठाऊक होतं, कागद न वाचता येणारा कुणबी कागद लिहिणाऱ्याच्या ताब्यात जातो. आता आम्हाला कागद वाचता येतो. पण कागद कुठून निघतो आणि कुठं जातो, हे कळत नाही. ताबा तसाच राहिला, फक्त माणूस बदलला.

इथपर्यंत ऐकलं की मास्तर लोक म्हणतात, “अण्णा, एवढं सगळं आम्ही कधी शिकवायचं? आणि शिकवलं तरी पोरं गावात काय बघतात?” हा प्रश्न मला खरा वाटतो. त्याची चव मी घेतली आहे.

माझी नात सहावीत होती तेव्हाची गोष्ट. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि मागून ग्रामसभा होती. ती म्हणाली, “आजोबा, मी पण येते. आम्हाला धडा आहे.” मी म्हटलं, चल. देवळाच्या ओट्यावर सभा. पोरीनं पुस्तकात वाचलं होतं की गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं हजर पाहिजेत, नाहीतर सभा तहकूब. तिनं बसल्या बसल्या माणसं मोजली. पस्तीस भरली. त्यात बाया चार. सभा वीस मिनिटांत उरकली. चहा झाला. आणि मग रजिस्टर निघालं, ते गल्लीगल्लीनं फिरवून सह्या घ्यायला.

पोरगी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, “न आलेल्यांच्या सह्या कशा घेता?”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक भावकीतला माणूस हसून म्हणाला, “ए बाय, मोठ्या माणसांत बोलू नये. जा, खेळ जा.” दोघं-तिघं हसले. पोरीनं माझ्याकडं बघितलं.

आता सांगा, आजोबानं काय करायचं? पोरीला गप्प केलं तर पुस्तक खोटं ठरतं. पोरीच्या बाजूनं बोललं तर भावकी दुखावते. मी उभा राहिलो आणि म्हटलं, “पोरगी बरोबर बोलतीय. सभा तहकूब लिहा. आठ-पंधरा दिवसांनी परत घ्या. तहकूब सभेला संख्येची अट नसते, तुमचंही काम अडणार नाही.” सभा तहकूब लिहिली गेली. पण त्या माणसाचा आणि माझा बांधाला बांध. त्याच्या रानातून माझी बैलगाडी जायची. त्या सुगीला वाटेवर काट्या पडल्या. ऊस डोक्यावर वाहून बाहेर काढला. भांडण मिटायला दीड वर्ष गेलं.

शहरातल्या वाचकाला हे कळावं म्हणून लिहितो. शहरात महापालिकेला पत्र लिहिलं तर ते कार्यालयात जातं. गावात प्रश्न विचारला की तो माणसाला लागतो. सरपंच चुलत मामा असतो, सदस्य शेजारी असतो, ग्रामसेवकाच्या मुलाच्या मुंजीचं नाहीतर लग्नाचं जेवण आपण जेवलेलो असतो. सरकार इथं इतकं जवळ आहे की त्याला प्रश्न विचारणं म्हणजे घरात भांडण काढणं वाटतं. पुस्तकात ‘नागरिकाने जागरूक असावे’ असं लिहिलंय. जागरूकपणाची किंमत किती आणि ती कोण भरणार, ते लिहिलेलं नाही.

मग पोरांना हे शिकवायचं का नाही? ज्या वाटेवर काट्या पडणार, त्या वाटेनं लेकरांना पाठवणं बरं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारला. मास्तराच्या जागी उभं राहूनही बघितलं. तो परगावचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, बदलीचा माणूस. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यातलंच ते कलम आहे. म्हणजे पोरांच्या सगळ्यात जवळची लोकशाही शाळेच्या ऑफिसातच बसते. पण किती शाळांत ती पोरांना दाखवतात? पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं तर पहिला प्रश्न पोषण आहाराच्या तांदळावर येईल, दुसरा मुलींच्या संडासाच्या पाण्यावर. त्यापेक्षा व्याख्या पाठ करून घेणं सोपं. त्यात कुणाशी वाकडं येत नाही. मी मास्तराला दोष देत नाही. आपणच त्याला तेवढी मोकळीक दिलेली नाही.

काही जण म्हणतात, शाळेत हे नकोच, पोरं राजकारणात पडतील. अहो, पोरं पडलेली आहेतच. निवडणूक आली की नववी-दहावीची पोरं गाडीला झेंडा लावून फिरतात. कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस कधी, कुणाच्या बॅनरवर कुणाचा फोटो बारका छापला म्हणून कुणाला राग आला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, त्याचा आराखडा ग्रामसभेत ठरायचा असतो, तो कागद मागून बघता येतो, हे ठाऊक नाही. राजकारण पारावर फुकट मिळतं. नागरिकशास्त्र तेवढं शिकवावं लागतं.

दुसरा एक आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की, कायदा कळला म्हणून माणूस चांगला होतो का? नाही होत. आमच्या भागात नियम सगळ्यात जास्त कोणाला कळतात? मधल्या दलालाला. विहिरीचं अनुदान, गोठ्याचं अनुदान, घरकुल, कुठला कागद कुठं लावायचा ते तो जाणतो आणि त्यावर पोट भरतो. ज्ञान म्हणजे विळा. त्यानं ज्वारीही कापतात आणि शेजाऱ्याची वैरणही. पण नीट बघितलं तर दलाल चालतो कशावर? त्याला कळतं यावर नाही, इतरांना कळत नाही यावर. सगळ्या गावाला कळलं तर त्याचा धंदा बसतो. म्हणून एखाद्या हुशार पोरानं शिकून भागत नाही. एकटा शिकला तर उद्या तोच दलाल व्हायचा. वर्गातल्या सगळ्यांना, मागच्या बाकावरच्यालाही, हे आलं पाहिजे.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव यासाठी मला मोठं वाटतं. तिथल्या गोंड माणसांनी गावात अभ्यासगट चालवले. बसून विषय समजून घ्यायचा, चर्चा करायची, आणि ग्रामसभेत निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घ्यायचा. 2009 साली त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो ह्या अभ्यासाच्या जोरावर. तिथं नागरिकशास्त्राचा वर्ग मोठ्या माणसांनी भरवला. पोरं तो बघत बघत मोठी झाली असणार.

आमच्याकडंही थोडं बदलतंय. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत. सुरुवातीला नवरेच खुर्चीवर बसायचे, अजूनही काही बसतात. पण आमच्या वॉर्डातली सातवी शिकलेली एक सून दुसऱ्या वर्षी दप्तर मागून वाचायला लागली. दिव्याच्या बिलावर बोट ठेवून म्हणाली, “भाऊजी, खांब मी मोजलेत. हे बिल जादा खांबांचं दिसतंय.” तिला हे शाळेनं शिकवलं नव्हतं. पण मोजायला आणि वाचायला शाळेनंच शिकवलं होतं. एवढं शाळेचं देणं मान्य केलं पाहिजे.

तर माझं म्हणणं असं. पुस्तक आहे ते राहू द्या. त्यात दोन-चार कामं घाला. प्रत्येक पोरानं आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ वाचून दाखवावा. ज्याला जमीन नाही त्यानं घरपट्टीची पावती किंवा रेशनकार्ड वाचावं. वर्गानं वर्षातून एक खरा अर्ज लिहावा. शाळेपुढच्या गटारीचा असो, एसटीच्या वेळेचा असो. तो स्वतः नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर पुढं कुणाकडं जायचं ते शोधावं. माहितीचा अधिकार 2005 चा, दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेवा हमीचा कायदा 2015 चा. हे मार्कासाठी पाठ करायला सांगू नका, एकदा वापरून बघू द्या. पोहणं विहिरीत उतरल्यावरच येतं.

पण हे सगळं शाळेवर ढकलून आपण मोकळं होऊ नये. पोरगं प्रश्न विचारून घरी आलं आणि आपण म्हटलं, “तुला काय करायचंय, गप अभ्यास कर,” तर शाळेनं वर्षभर शिकवलेलं एका वाक्यात पुसलं जातं. वाटेवर काट्या पडणार असतील तर त्या उचलायला मोठ्या माणसांनी पुढं व्हायचं असतं. पोराच्या हातात प्रश्न देऊन आपण मागं राहिलो, तर ते शिक्षण नव्हे, ती फसवणूक झाली.

नात आता कॉलेजात आहे. मध्यंतरी तिच्या वसतिगृहात पाण्याची अडचण होती. फोनवर म्हणाली, “आजोबा, अर्ज दिलाय.” मी एवढंच विचारलं, “पोच घेतलीस का?”